केशोरावांचं फुलपात्र

हात आपोआप पिशवीत गेला आणि फुलपात्र बाहेर आलं. झालं ते एवढंच. घरची सून शामकला पाणी वाढायला वाकली होती, आणि डॉक्टर केशोरावांच्या पत्रावळीशेजारी घरच्यांनी राखेनं घासून लखलखीत केलेला पेला ठेवला होता. तो पेला त्यांनी दोन बोटांनी बाजूला सरकवला, तिथे आपलं पितळी फुलपात्र ठेवलं, फिरकीच्या तांब्याचं झाकण उघडलं आणि घरून आणलेलं, उकळून गार केलेलं पाणी ओतून घेतलं. हे सगळं त्यांनी इतकं सावकाश, इतकं नीटनेटकं केलं की पंगतीतल्या शेवटच्या माणसालाही ते दिसलं. शामकला तांब्या घेऊन तशीच वाकलेली राहिली, मग सरळ झाली आणि पुढच्या माणसाकडे गेली. पुढच्या माणसानं पेल्यावर हात आडवा धरला आणि तहान नाही म्हणून सांगितलं. समोरच्या भिंतीशी बसलेल्या अनुसयाबाईंनी, म्हणजे शामकलाच्या सासूनं, नातीच्या पत्रावळीला हात घातला आणि ती हळूच स्वतःकडे ओढून घेतली. पोरगी आजीकडे बघत राहिली. तिचा घास हातातच होता. केशोरावांनी भात कालवला, वरण ओतलं, आणि आपल्या नेहमीच्या पद्धतीनं एकेक घास चांगला चावून खाल्ला. नवा तांदूळ होता, वास सुंदर होता, तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. आपण काय केलं हे त्यांना मुर्री गावाच्या वेशीबाहेर, बांधावरून चालताना समजलं. 

खरं तर हे जेवणच मुळी त्यांच्यासाठी होतं. शामकलाची छाती क्षयातून साफ झाल्याचं त्यांनी दिवाळीनंतर सांगितलं, एक्स-रेचा फोटो काचेवर धरून तिच्या नवऱ्याला, चैतरामला, बोट लावून दाखवलं. आता ही घरात सगळ्यांबरोबर जेवेल, स्वयंपाक करेल, मुलीला जवळ घेऊन निजेल, कोणाला काही व्हायचं नाही, असं स्वच्छ सांगितलं. चैतराम मान हलवून गेला आणि दुसऱ्या दिवशी आईला घेऊन आला. अनुसयाबाई शहाण्या बाई. त्यांनी फोटो पाहिला नाही, पदर सावरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यावर भरोसा नाही अशी गोस्ट नाही, डाक्टरसायेब. पण फोटो काही जेवत नाही. तुमी या, तिच्या हातचं जेवा. तुमी खाल त आमी बी खाऊ." केशोरावांना ही अट फार आवडली. कागदापेक्षा माणसाच्या वागण्यावर विसंबणारी ही बाई त्यांना आपल्यासारखीच शास्त्रीय वाटली. वर्षानुवर्षं ते कोणाच्या घरी जेवले नव्हते, तरी तिथल्या तिथे होकार देऊन बसले. रविवारी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, एखाद्या लग्नाला निघावं तसे निघाले. आणि निघताना रोजच्या सवयीनं पिशवी खांद्याला अडकवली.

गोंदियात त्यांना गिलासवाले डॉक्टर म्हणत. गाव बिडीचं, तांदळाच्या गिरण्यांचं, धुराचं आणि भुशाचं. स्टेशनाबाहेर हॉटेलांत चहाचे पेले एकाच बादलीत बुचकळून पुन्हा भरले जात, आणि त्या गावात हा माणूस चहा पीत नसे, पान खात नसे, बिडीच्या वासानं रस्ता बदले. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, मग मुर्रीपर्यंत फेरी, हातसडीचा भात, कमी तेल, रात्री लवकर अंथरुणावर. शाळांतून ते थुंकण्यावर व्याख्यान देत, आणि मुलं मागल्या बाकांवरून खोट्या खोकल्यानं दाद देत. सेठलोक हसून म्हणत, "डॉक्टरसाब, इतना संभाल के रखा है, किसके लिए?" तेही हसत.  नागपूरहून एकदा स्थळ आलं होतं. त्यांनी मुलीचा फोटो पाठवला, तर ह्यांनी उलट टपाली छातीचा मागवला. त्यात त्यांना काहीच वावगं वाटलं नव्हतं, उलट असं प्रत्येक लग्नात व्हावं असंच त्यांचं प्रामाणिक मत होतं. पुन्हा स्थळ आलं नाही. स्वतःच्या छातीचा फोटो ते दर वर्षी काढत, ओला असतानाच दिव्यासमोर धरत. दोन्ही बाजू काळ्याभोर, स्वच्छ, एवढासुद्धा डाग नाही. अशी छाती अख्ख्या भंडारा जिल्ह्यात कोणाची नसेल, असं त्यांना वाटे. मग फोटो पाकिटात जाई. तो दाखवावा असं कोणी नव्हतं.

त्या रविवारी रात्री ते अंथरुणावर वेळेवर पडले, झोप मात्र आली नाही. फुलपात्र देवळीत पालथं होतं. ते ईश्वरदासचं होतं. म्हणजे तेव्हा दोघांचं होतं. मेडिकलच्या शाळेत दोघं एका खोलीत राहत, उन्हाळ्यात गच्चीवर झोपत, उशाशी एक सुरई आणि हे एक फुलपात्र. मध्येच जाग आली की जो उठे तो अर्धं पिऊन उरलेलं दुसऱ्याला देई. ईश्वरदास खोकायचा, आणि धुळीनं होतं म्हणायचा, आणि पुस्तकात त्या रोगाची लक्षणं पाठ करणाऱ्या केशोरावांनाही ते धुळीचंच वाटायचं. शेवटच्या वर्षी तो गेला. केशोरावांना काहीही झालं नाही. वर्षभर ते रोज स्वतःचं तापमान बघत राहिले, वजन करत राहिले, आणि काहीही झालं नाही. तेव्हापासून दुसऱ्याच्या भांड्याला त्यांनी ओठ लावला नव्हता. लोकांना वाटे ते शिस्त, ते स्वतःही शिस्तच म्हणत. पण ती शिस्त नव्हती, भीती होती, आणि भीतीच्या खाली, खूप खाली, ज्याच्याबरोबर एका भांड्यातून प्यावं असा माणूस पुन्हा भेटू नये अशी एक विचित्र खबरदारी होती. ती मात्र चांगलीच फळली होती.

सोमवारी सकाळी त्यांनी लाल चष्मा लावला. एक्स-रेच्या पडद्यावर बघायचं तर डोळ्यांना आधी अंधाराची सवय लागते, म्हणून खोलीत जाण्यापूर्वी बराच वेळ ते हा गडद लाल काचांचा चष्मा लावून व्हरांड्यात बसत. झाडं लाल, माणसं लाल, रांगेतल्या बायांची लुगडी सगळी एकाच रंगाची. मग आत जाऊन दार लावायचं, शिशाचा जड डगला अंगावर घ्यायचा, चष्मा काढायचा, आणि यंत्र गुणगुणायला लागलं की समोरच्या हिरवट पडद्यावर बरगड्या उजळत. पडद्यामागचा माणूस दिसत नसे. त्याचा फक्त आवाज असे, आणि त्याचं काळीज. त्यांच्या बोटांची कातडी अलीकडे कोरडी पडत चालली होती, तिला ते न चुकता खोबरेल लावत.

शामकला या अंधारात तीन वर्षं येत होती. तिच्या उजव्या फुप्फुसाला विसावा मिळावा म्हणून दवाखान्यातले दुसरे डॉक्टर छातीच्या पोकळीत सुईनं हवा भरत, आणि हवा हळूहळू जिरत असल्यानं दर पंधरवड्याला पुन्हा भरावी लागे. भरण्याआधी आणि भरल्यानंतर केशोराव पडद्यावर बघत. दबलेलं फुप्फुस एखाद्या निजलेल्या जनावरासारखं कोपऱ्यात पडलेलं असे. ते तिला श्वास घे म्हणत, सोड म्हणत, वळ म्हणत. पहिले काही महिने तेवढंच. मग ती बोलायला लागली. अंधारात माणूस बोलतो, विशेषतः समोरच्याला आपला चेहरा दिसत नसला की. घरी तिचं ताट-लोटा वेगळा होता, कुंपणाच्या खुंट्यावर टांगलेला, आणि तो तिचा तिनंच घासायचा. गुरांच्या कोठ्याशेजारच्या खोपट्यात ती निजायची. मुलगी रुख्मा दोन वर्षांची असताना आजीकडे दिली ती दिलीच, आता ती आजीलाच माय म्हणायची. हे ती रडून सांगत नसे. भाताला पाणी कमी झालं, चिचगडचा मामा येऊन गेला, हे जसं सांगे तसंच सांगे. एकदा यंत्र चालू असताना तिनं विचारलं, "डाक्टर, तुमाले अंदरचं सारं दिसते ना?"

ते म्हणाले, बरंचसं दिसतं.

"मंग माई रुख्मा दिसते का तिथं?"

केशोरावांनी नाही म्हटलं. काळीज दिसतं, बरगड्या दिसतात, हवा दिसते. पडद्यावर तिचं काळीज जरा जोरात हललं. त्यांनी ते पाहिलं. आयुष्यात कोणाच्या बोलण्यानं कोणाचं काळीज हललेलं इतक्या जवळून त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, आणि बोलणं त्यांचं होतं. त्यानंतर पंधरवड्याचा तो दिवस उजाडला की सकाळच्या फेरीत त्यांची पावलं जरा भरभर पडत. याला काय म्हणावं ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही. ती बरी व्हावी असं त्यांना मनापासून वाटे, आणि ती बरी झाली की येणार नाही, हेही कळत असे. या दोन गोष्टी त्यांनी दोन वेगळ्या भांड्यांत ठेवल्या होत्या. ती सवय त्यांना होतीच.

जेवणाच्या त्या रविवारी त्यांनी तिला पहिल्यांदा उजेडात पाहिलं. अंगणात एक बाई तांदूळ पाखडत होती, कपाळावर गोंदलेलं, नाक बसकं, वय त्यांना वाटलं होतं त्याहून कमी. तिनं मान वर केली आणि परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. लाल चष्म्याशिवाय तिनंही त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी हाक मारली तेव्हा आवाजावरून तिनं ओळखलं, आणि हसली. जिच्या काळजाचा आकार पाठ होता तिचं हसू त्यांना माहीत नव्हतं. आणि त्यानंतर तासाभरात त्यांनी पिशवीत हात घातला.

गुरुवारी चैतराम दवाखान्यात आला. रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर आत येऊन टोपी काढून बसला. मग म्हणाला की शामकलाचा आणखी एक फोटो काढून द्या. केशोरावांनी सांगितलं, फोटोची गरज नाही, आहे तो स्वच्छ आहे. चैतराम म्हणाला, तो आईला दाखवून झाला. लोटा पुन्हा खुंट्यावर गेला होता. रुख्मा एक रात्र, फक्त शनिवारची एक रात्र, तिच्याजवळ निजली होती, डॉक्टर उद्या जेवणारच या भरवशावर. आता पुन्हा आजीकडे.

केशोरावांनी विचारलं, आई म्हणतात तरी काय.

चैतरामनं मान खालीच ठेवली. "म्हणते, डाक्टरच्या डोळ्याले नसन दिसलं. पण त्याच्या हाताले समजलं."

केशोराव काहीतरी बोलले. हाताची सवय, उकळलेलं पाणी, कुठेही गेलो तरी आपण असंच करतो, वगैरे. चैतराम हो हो म्हणत होता. मोठ्या माणसाला अडचणीत टाकल्याचा संकोच त्याच्या तोंडावर होता, आणि तो संकोच बघून केशोरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो गेल्यावर त्यांनी शामकलाचा फोटो काढून पुन्हा दिव्यावर धरला. डाग नव्हता. एक जुना व्रण, दोरा पडावा तेवढा, बस. ते बरोबर होते. पण मग हात? म्हातारी म्हणत होती ते सगळंच खोटं होतं का? त्यांनी स्वतःला उलटसुलट तपासलं. भात त्यांनी खाल्ला होता, पण खाताना मनात आलं होतं, कडकडीत गरम आहे, हरकत नाही. म्हणजे आतलं कोणीतरी हिशेब मांडत होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना उघडं करून बघणाऱ्या माणसाच्या आत एक जण बसला होता, त्याला फोटो वाचता येत नव्हता, त्याला फक्त ईश्वरदासचा खोकला ऐकू येत होता. आणि त्या एकाच्या भीतीपायी त्या बाईची पोरगी पुन्हा तिच्यापासून तोडली गेली. निरोगी राहणं म्हणजे काय करत आलो आपण, असं त्यांना वाटलं, आणि स्वतःच्या त्या काळ्याभोर, स्वच्छ छातीची त्यांना पहिल्यांदा लाज वाटली.

दवाखाना दुपारी आटोपला. त्यांनी पिशवी खुंटीलाच राहू दिली. रिकाम्या खांद्यानं चालताना त्यांचा तोल जात असल्यासारखं त्यांना वाटत होतं. हात कुठे ठेवावे कळेना. रस्त्याला माल भरलेल्या बैलांच्या छकड्या होत्या, गिरण्यांचा भुसा उन्हात तरंगत होता, आणि त्यांना मुर्री यायच्या आधीच खरोखर तहान लागली. बाहेर असताना तहान लागली असं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं, कारण तहान लागायच्या आधीच ते पीत.

अंगणात शामकला एकटी होती. मोठ्या घराचं दार ओढून घेतलेलं होतं. ती खोपट्यापुढे बसून शेंगा सोलत होती. त्यांना पाहून उठली, पदर घेतला, बाज टाकली. त्यांना बोलायचं होतं ते सगळं वाटेत जुळवून ठेवलेलं होतं, पण तोंडातून निघालं एवढंच की पाणी दे. तिनं मोठ्या घराकडे पाहिलं, मग खुंट्यावरचा लोटा काढला, भरून आणला, आणि वरून धार धरण्यासाठी उभी राहिली. ओंजळ करा म्हणाली. तीन वर्षांत तिला वळणच पडलं होतं, आपलं भांडं कोणाला लागू द्यायचं नाही. केशोरावांनी ओंजळ केली नाही. लोटा मागितला. ती देईना. तेव्हा त्यांनी हात पुढे करून तिच्या हातातून तो काढून घेतला, तोंडाला लावला आणि प्यायले. पितळेची गार कड ओठांना लागली. गच्चीवरच्या त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. पाणी विहिरीचं होतं, उकळलेलं नव्हतं, जरा मचूळ होतं, आणि त्यांनी ते तळाशी जाईपर्यंत प्यायलं. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

शामकला बघत होती. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना आनंद. ती म्हणाली, "आता पेऊन काय फायदा, डाक्टर? कोणी पाह्यलं नाही."

तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आज बाजार. घरचे सगळे छकडीनं गोंदियाला गेलेले. वाटेत समोरून येणाऱ्या शंभर छकड्या त्यांनी पाहिल्या आणि बाजाराचा दिवस डोक्यातच आला नाही. भर पंगतीत फुलपात्र काढणारा माणूस पश्चात्ताप करायला रिकाम्या अंगणात आला होता. ते बाजेवर बसले. तिनं विचारलं, जात नाही का, अंधार पडेल. त्यांनी सांगितलं, बसतो. ती परत शेंगा सोलायला लागली. ऊन कुंपणावरून खाली उतरलं. त्यांची जेवायची वेळ झाली आणि टळली.  उजेडात त्यांना बोलता येत नव्हतं. एकदा तिनं न बघता विचारलं, आता मले तपासाले याचं काम नाही ना? ते म्हणाले, नाही, आता काही काम नाही. तिनं मान डोलावली. पडदा असता तर तिचं काळीज दिसलं असतं. तसा तो नव्हता हे एका परीनं बरंच झालं.

दिवेलागणीला बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. छकडी अंगणात शिरली. चैतराम उतरला, त्यानं रुख्माला खाली घेतलं, आणि मग अनुसयाबाई गाठोडं सावरत उतरल्या. बाजेवर डॉक्टर बघून सगळे जागच्या जागी थांबले. केशोराव उठून उभे राहिले. हातातला रिकामा लोटा त्यांनी शामकलापुढे धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "शामकला, आणखी पाणी दे."

ती लोटा भरून घेऊन आली. या वेळी तिनं वरून धरला नाही. त्यांनी तो घेतला, तोंडाला लावला आणि अनुसयाबाईंकडे बघत बघत प्यायले. तहान केव्हाच भागली होती, पोट डबडबलं होतं, तरी घोट घोट करून प्यायले.  बैलानं शेपूट मारली. मग अनुसयाबाई पुढे आल्या, लोटा त्यांच्या हातून घेतला, उलटून उरलेलं पाणी तुळशीच्या बाजूला फेकलं, आणि रांजणाशी गेल्या. चुलीतली राख तिथेच खापरात होती. त्यांनी राखेला हात लावला नाही. पाहुण्याचं उष्टं भांडं विसळावं तसा लोटा नुसत्या पाण्यानं विसळला, आणि खुंट्याकडे न जाता आत नेऊन घडवंचीवर, घरच्या भांड्यांच्या रांगेत पालथा घातला. बाहेर येऊन रुख्माला म्हणाल्या, "जाय. मायजवळ बस. माय पाय धुवून देईल तुये."

पोरगी घोटाळली. माय म्हणजे कोण ते तिला नीटसं उमजलं नसावं. मग गेली.

केशोराव निघाले. चैतराम वेशीपर्यंत पोचवायला आला, जेवून जा म्हणाला, उद्या सकाळी फेरीला याल तेव्हा थांबत जा म्हणाला. ते बरं म्हणाले. बांधावरून चालताना थंडी लागत होती. पंधरवड्याचा तो दिवस आता इतर दिवसांसारखाच उजाडणार होता, आणि हे त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं होतं, आणि चांगलं केलं होतं, आणि तरी छातीत, जिथे फोटोत कधीच काही दिसलं नव्हतं तिथे, दुखत होतं. घरी येऊन त्यांनी दिवा लावला. खुंटीला पिशवी होती, पिशवीत फिरकीचा तांब्या, देवळीत फुलपात्र. ते त्यांनी हातात घेतलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि परत पालथं ठेवलं. त्यांना तहान नव्हती.